लाभ, दोन

बन्सीधर मापाड्यांना त्या ए.सी.पासून काय मिळणार आहे, याचा अंदाज मी पहिल्याच दिवशी बांधला होता. ही माझी खोड आहे. अठरा वर्षं मी परभणी जिल्ह्यात ए.सी. बसवतो, दुरुस्त करतो. एवढ्या वर्षांत निव्वळ गारव्यासाठी ए.सी. घेणारा माणूस क्वचितच भेटला. जिंतूरच्या एका डॉक्टरांनी समोरच्या डॉक्टरांनी घेतला म्हणून घेतला. पाथरीच्या एका गृहस्थांनी बाहेरचं युनिट रस्त्यावरून दिसेल असं बसवून घेतलं आणि आतलं बटण पहिला महिनाभर दाबलंच नाही. प्रत्येकाला काहीतरी मिळवायचं असतं. ते काय, हे ओळखलं की शिडीवर उभ्या उभ्या वेळ बरा जातो.

बन्सीधरांना लेक मिळणार होती.

ज्ञानेश्वरी, एकुलती एक. लग्नाला सहा वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. आता सातवा महिना सुखरूप लागला होता. जावई योगीराज रेल्वेत, राहायला पूर्णेला क्वार्टरात. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण विहीणबाईंनी सेलूला बन्सीधरांच्या घरी निरोप धाडला होता. तो बन्सीधरांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, मला पाण्याचा तांब्या देता देता विहिणीच्याच आवाजात ऐकवला : "मे महिन्यात तुमच्या त्या भट्टीत सून धाडायची न्हाई. आमच्याकडं ए.सी. हाय. तुमच्याकडं काय हाय?"

"मग काकांनी काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगत्यात? दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले."

मला त्यातून मिळवायचं होतं ते साधं होतं. काम झालं की ग्राहकाच्या मोबाईलवर चार आकडी कोड येतो. तो त्यानं आपल्याला सांगायचा, आपण तो भरायचा, मग काम पूर्ण. कोड मिळाला नाही की परभणीच्या ऑफिसातून दर दोन तासांनी फोन. कोडसाठी मी लोकांच्या लग्नाच्या अल्बमची अख्खी पानं उलटवून पाहिली आहेत.

खोली मागच्या अंगाला होती. चार वर्षांपूर्वी लेकीसाठीच बांधलेली. सिमेंटचा स्लॅब, गुलाबी भिंती, पांढरी फरशी, पश्चिमेला खिडकी. नव्या घराला असतो तसा चुन्या-रंगाचा वास अजून होता, आणि खिडकी उघडली की जिनिंगकडून सरकीचा. खाटेवर नवी गादी, प्लास्टिकसकट.

या मॉडेलची खुबी म्हणजे त्याचा डोळा. समोरच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात मसुराएवढा काळा मणी असतो. माणसाच्या अंगाची ऊब त्याला कळते. माणूस जिथं असेल तिकडं वारा वळतो. खोलीत जितकी माणसं तितके हिरवे ठिपके पॅनेलवर उमटतात. कोणी नसेल तर ठिपके विझतात आणि दहा मिनिटांनी मशीन स्वतःहून मंद होतं. दुकानदार हा डोळा दाखवूनच माल खपवतात.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मी शिडीवर, बन्सीधर खाली हात मागे बांधून, कस्तुराबाई खाटेजवळ. मशीन सुरू केलं. ठिपके उमटले.

चार.

"काका, खिशात कोणाला लपवून आणलंय?" मी म्हणालो.

बन्सीधर हसले. सदुसष्ट वर्षांचा वाळका माणूस, खांद्यावर उपरणं, सेलूच्या मोंढ्यात चाळीसहून जास्त वर्षं धान्य मोजलेलं. "तुमचं यंत्र लय दिलदार हाय, इंजिनेर. गिऱ्हाइकाला एक माप जादा द्यायलंय. आमच्या मोंढ्यात असं केलं तर आडत्या हाकलून देईल."

भिंत तापलीय, डोळ्याला तीच माणूस वाटत असेल, असं मी सांगितलं आणि ते मला खरंही वाटलं. मग कोड विचारला. त्यांनी मोबाईल लांब धरला, डोळे बारीक केले आणि वाचलं : "लाभ, सहा, सहा, नऊ."

"लाभ?"

"एक हो, एक!" कस्तुराबाई म्हणाल्या. "धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणत्यात. लाभ, दोन, तीन. ह्यांच्या जिभेला एक राहिलाच न्हाई. कंडक्टरनं तिकिटं किती इचारली तर म्हणत्यात, लाभ-दोन. निसतं माणसांवर बोट ठेवून तसं मोजू नका, म्हणून मी लग्न झाल्यापासनं ओरडायले."

"कामून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"लाभ म्हटलं की माल घेणाऱ्याचा झाला," बन्सीधर म्हणाले. "आणि माप एकदा धरलं की मधे सोडायचं न्हाई. ढीग संपेस्तोवर."

१६६९. कोड लागला.

पाचव्या दिवशी ज्ञानेश्वरीचा फोन आला. ती माहेरी येऊन दोन दिवस झाले होते. चेष्टेखोर मुलगी, बोलताना मधेच हसायची. "दादा, तुमचा ए.सी. मला वारा देईना. सगळा वारा कोपऱ्याला. मी खाटेवर घाम पुसायले आणि कोपरा गारठून बसलाय. कोपऱ्याचं बाळंतपण आहे का माझं?"

मी तिला डोळ्याचा भाग बंद करून साध्या पद्धतीनं चालवायला सांगितलं. बंद केला तरी वाऱ्याची पट्टी वळून कोपऱ्याकडंच जाते, असं ती म्हणाली. आणि सगळे बाहेर गेले, दार लावलं, अर्ध्या तासानं पाहिलं, तरी एक ठिपका असतोच.

सदोष सेन्सर. नव्या मशीनमध्ये असं शंभरात एखादं निघतं. वॉरंटीत भाग मागवला. चार दिवसांनी आला.

नऊ मे, दुपारी दोनला मी सेलूत उतरलो. चव्वेचाळीस अंश. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर एक कुत्रं तेवढं दिसलं, तेही पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत. नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. बन्सीधरांच्या अंगणातल्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा तो वास आला. वारा गार होता, पण वास कोंदट होता. आंबूस, जुना, किंचित गोडसर. भिजून वाळलेल्या धान्यासारखा. फिल्टर काढून हुंगला. फिल्टर स्वच्छ. पाण्याची नळी पाहिली. ती मोकळी वाहत होती.

जुना सेन्सर काढला, नवा बसवला. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि खिडकीतून बघत उभा राहिलो. कपाळावर हात धरून पंधरा मिनिटं. रिकामी खोली, रिकामी खाट. पॅनेलवर एक ठिपका. पट्टी हळूहळू वळत गेली आणि आग्नेय कोपऱ्याकडं तोंड करून थांबली. उभ्या माणसाकडं वळते तशी नाही. खाली. फरशीकडं.

मी आत गेलो. दोन ठिपके.

मग मी जे केलं ते कोणीही मेकॅनिक करील. सेन्सरची पिन उपसली. आता डोळाच नाही, म्हणजे ठिपके दिसायचं कारण नाही.

माझा ठिपका विझला. दुसरा राहिला.

उपसलेली पिन मी पुन्हा एकदा पाहिली. मग स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं की कार्ड गेलंय. आतल्या मुख्य कार्डात बिघाड असला की ते काहीही दाखवतं. ते खरंही आहे. आवाज मात्र खोलीत फार मोठा वाटला.

बाहेर आलो तेव्हा बन्सीधर निंबाखालच्या बाजेवर होते. मी कोपरा कुठला ते सांगितलं, फरशीकडं वळणारी पट्टी सांगितली. वासाचंही बोललो.

"कसला वास?"

"जुन्या ज्वारीसारखा."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. घराकडं एकदा पाहिलं, बायका आत आहेत याची खात्री केली.

"त्या कोपऱ्याखाली आमचं पेव होतं," ते म्हणाले. "पेव माहीत हाय का? जमिनीत आड खणावा तसा खड्डा. आत कडब्याचं अस्तर, वर ज्वारी भरून तोंड मातीनं लिंपायचं. पाच-पाच वर्षं ज्वारी राहायची. उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, आत वाफ असती. माणसाला धरती."

मी खोलीच्या दिशेनं पाहिलं.

"मी तेव्हा बावीस-तेवीसचा. मुंजाजी म्हणून सालगडी होता. गाडी भरून न्यायची होती, बैल जुंपलेले. तो म्हणाला, मालक, वाफ जाऊ द्या. मी म्हणालो, उतर." ते थांबले. "माझं पहिलं माप होतं ते. मी वर तोंडाशी. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, त्यानं भरायची, दोरीला हिसका द्यायचा, मी ओढायची. लाभ. दोन. तीन. असं एकवीस झालं. बाविसाव्याला हिसका आला न्हाई."

"वाफेनं?"

"वर काढला तर अंग लाकूड झालेलं. डॉक्टर म्हणाला, हा उतरल्या उतरल्या गेलाय. पहिली टोपली भरायच्या आत."

"मग टोपल्या?"

"भरून येत होत्या, इंजिनेर." त्यांनी दोन्ही हातांनी टोपलीचा गोल केला आणि वरून दाबला. "गच्च. दाबून भरलेल्या."

निंबावर एक होला घुमत होता. तोही थांबला.

"पेव बुजवलं, वर माती, वर फरशी," बन्सीधर म्हणाले. "पण माप अर्धंच राहिलं."

म्हाताऱ्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. कोड मिळण्याआधी ऐकाव्याच लागतात. मी मान डोलावली, कार्ड मागवतो म्हणालो, आणि तोवर ज्ञानेश्वरीला पुढच्या खोलीत झोपवा, असं सांगून पाचची गाडी पकडली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की माझ्या शर्टाला तोच वास येतोय.

आता जे सांगायचं आहे त्यात चूक माझी.

कार्डासाठी कंपनी फॉर्म भरून मागते. त्यात दोन रकाने : खोलीत माणसं किती, पॅनेलवर ठिपके किती. दोन्ही आकडे चालू मशीनसमोर मोजलेले पाहिजेत. मी नऊ तारखेला फॉर्म भरायचाच विसरलो होतो. अकराला मानवतला एका दवाखान्याचं काम करत होतो तेव्हा ऑफिसचा फोन आला. आकडे आजच पाहिजेत. मी तिथूनच बन्सीधरांना फोन लावला.

"काका, फोन स्पीकरवर टाका आणि मागच्या खोलीत जा."

"आमी हितंच हाओत. ज्ञानूला पुढं उकडायलंय, घडीभर पडली हाय." चारी बाजूंनी पंख्यासारखा घरघर आवाज येत होता. मशीन चालू होतं.

"बरं. आधी माणसं मोजून सांगा. नीट मोजा, बोट ठेवून. फॉर्मात भरायचंय."

हे मीच म्हणालो. बोट ठेवून.

"लाभ," बन्सीधर म्हणाले. "दोन. तीन..."

"अहो!" कस्तुराबाई किंचाळल्या. "पोरीवर बोट ठेवून लाभ म्हणताव? माणसं मोजायलाव का ज्वारी?"

घरघर एकदम बंद झाली. मशीनची, फोनची, सगळीच. त्या शांततेत अगदी जवळून, तोंड फोनला लावल्यासारखा आवाज आला.

"चार."

मी फॉर्मात चार लिहिलं. मग विचारलं, "काका, चौथं कोण आलंय?"

 मग बन्सीधर म्हणाले, "मी तीनवरच थांबलो."

तेरा तारखेला कस्तुराबाईंचा फोन आला. रडत नव्हत्या. रडून झालं होतं.

"भाऊ, तुमी ते यंत्र काढून न्या. पोरीचं अंग गार पडलंय."

"ए.सी. बंद करा ना मग."

"बंदच हाय. परवापासनं बंद हाय. अंगणात बसवली तरी गारच. दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक हाय, रक्त ठीक हाय. पण पोट हलायचं कमी झालंय, भाऊ. आणि तोंडाला वास यायलाय."

कसला, हे मी विचारलं नाही.

"जावयाला बोलावून घ्या. पूर्णेला न्या तिला."

"काल निघालो होतो. रिक्षात बसवलं आणि हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. उतरवली तर थांबल्या. पुन्हा बसवली, पुन्हा सुरू." त्यांचा आवाज खाली गेला. "हे म्हणत्यात, अर्धं माप उचलून नेता येत न्हाई."

चौदाला मी कार्ड घेऊन गेलो. खरं सांगायचं तर कार्ड बसवायला गेलो नव्हतो. मशीन उतरवून आणायचं, भागाचं कारण लिहायचं आणि त्या घराची तक्रार कायमची मिटवायची, एवढंच मनात होतं.

दुपारचे दोन. अंगणात, निंबाच्या सावलीबाहेर, थेट उन्हात बाज टाकली होती. तिच्यावर ज्ञानेश्वरी घोंगडी गुंडाळून बसली होती. चव्वेचाळीस अंशात. ओठ पांढरे. माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला.

"दादा, आता मीच कोपरा झाले."

मी तिच्या हाताला हात लावला. सकाळी रांजणाला लागतो तसा लागला. आणि ती बोलली तेव्हा वास आला. आंबूस, जुना, गोडसर.

"काका कुठं आहेत?"

"सकाळी सातपासनं त्या खोलीत जाऊन बसल्यात," कस्तुराबाई म्हणाल्या. "आतून कडी. च्या घेतला न्हाई, भाकर घेतली न्हाई. अकराला दार वाजवलं तर म्हणाले, हिशेब करायलोय. तुमी आल्यावर उघडतो म्हणाले."

मी दारावर टकटक केली. दार उघडंच होतं.

मशीन चालू होतं. आत गार होतं आणि वास इतका दाट होता की जिभेवर यावा. बन्सीधर आग्नेय कोपऱ्यात फरशीवर बसले होते, दोन भिंतींना पाठ टेकून, गुडघे वर, उपरणं डोक्यावरून कपाळाखाली ओढलेलं. जुन्या मोंढ्यात मापाडी ढिगाजवळ बसायचे तसे.

"या, इंजिनेर. भाग आणला का?"

"आणला. पण काका, मी मशीन काढूनच नेतो."

"काढू नका. भाग बदला." आवाज नेहमीचाच होता, जरा कोरडा. "तुमच्यात कसं असतं? सदोष भाग काढायचा आणि तसलाच दुसरा घालायचा. जुना कंपनी परत घेती."

"हो."

"आमच्यात त्याला फेरमाप म्हणत्यात. पहिलं माप चुकलं तर ढीग पुन्हा मोजायचा. लाभापासून. मग आधीचं माप रद्द."

मी शिडी लावली. मान्य करतो, मला तिथून लवकर निघायचं होतं, आणि कार्ड बदलणं हे मशीन उतरवण्यापेक्षा लवकर होणारं काम होतं. मेन बंद केला, पाठ कोपऱ्याकडं करून काम सुरू केलं. आठ स्क्रू, पाच पिना. हात थरथरत नव्हते. त्याचा मला नंतर अभिमान वाटला आणि मग वाटेनासा झाला.

"लाभ," मागून आवाज आला. त्याबरोबर छातीवर तळहात आपटल्यासारखा हलका आवाज.

मी वळलो नाही. त्यांचे ओठ मी पाहिले नाहीत.

"दोन."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"झालं," ते म्हणाले. "ढीग संपला."

मी मेन सुरू केला. मशीननं बीप दिला, पट्टी उघडली. मी पॅनेल बघत राहिलो.

एक ठिपका.

अठरा वर्षांची सवय. मी हसलो. "काका, आता उलटं झालं. आधी एक जास्त दाखवायचं, आता एक कमी दाखवतंय."

"आता बरोबर दाखवायलंय," बन्सीधर म्हणाले. "कोड घ्या."

मी मोबाईल काढला.

"लाभ, नऊ, शून्य, दोन."

१९०२. लागला. तक्रार बंद.

शिडी उचलून बाहेर आलो तेव्हा ज्ञानेश्वरी अंगणात उभी होती. घोंगडी पायाशी पडलेली. कपाळावरून, मानेवरून, कोपरांवरून घाम निथळत होता. "आई, पाणी दे गं," ती म्हणत होती, "किती उकडायलंय. आणि ह्यानं बघ, किती लाथा घालायला सुरुवात केलीय." कस्तुराबाईंनी तिला पाणी पाजलं, मग पदरानं डोळे पुसत कपात चहा ओतला आणि नवऱ्याला द्यायला आत गेल्या.

कप फुटल्याचा आवाज आला. मी आत धावलो.

डॉक्टर शेजारच्याच गल्लीत राहत होते. पंधरा मिनिटांत आले. खाली बसून त्यांनी बन्सीधरांचा हात सरळ करायचा प्रयत्न केला. तो गुडघ्यावरून हलला नाही.

"सकाळीच गेलेत," ते म्हणाले. "सात-आठच्या सुमारास. अंग लाकूड झालंय."

कस्तुराबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी अकरा वाजता आवाज ऐकला होता. मी तीनला. आम्ही दोघांनीही डॉक्टरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

"यांचा मोबाईल कुठंय? जावयांना कळवायला हवं," डॉक्टर म्हणाले.

मोबाईल स्वयंपाकघरात होता. कस्तुराबाईंनी सकाळी चार्जिंगला लावलेला. मीच आणायला गेलो. पडद्यावर कंपनीचा मेसेज तसाच होता, न उघडलेला. १९०२.

ज्ञानेश्वरी जून संपताना बाळंत झाली. मुलगा. पावणेतीन किलो, दोघंही सुखरूप. विहीणबाई स्वतः आल्या, चार दिवस राहिल्या आणि ए.सी.चं तोंड भरून कौतुक करून गेल्या. मशीन आता नमुन्यासारखं चालतं. वासही नाही. जुना सेन्सर आणि जुनं कार्ड कंपनीनं तपासून परत पाठवलं, सोबत एका ओळीचा शेरा : भागात दोष आढळला नाही.

काल मी तिथं पहिल्या मोफत सर्व्हिसला गेलो होतो. जायचं नव्हतं, पण नंबर माझ्याच नावावर लागला. खाटेवर ज्ञानेश्वरी, तिच्या कुशीत बाळ, पायाशी कस्तुराबाई शेक द्यायला. मी फिल्टर धुतले, पुसले, बसवले, मशीन सुरू केलं. आम्ही चौघं. ठिपके तीन.

बाळ लहान आहे, मी स्वतःला म्हणालो. एवढ्याशा जिवाची ऊब डोळ्याला कळत नसेल. हेही खरं असू शकतं.

मग मी बाहेर गेलो. दार ओढून घेतलं आणि खिडकीतून पाहिलं, कपाळावर हात धरून, नऊ मे रोजी पाहिलं होतं तसं.

तीन.

आत आलो. तीन. खाटेजवळ गेलो, पॅनेलखाली उभा राहिलो, डोळ्यासमोर तळहात धरला. वारा माझ्याकडं वळला नाही. तेव्हा मला त्या दिवशीचा तो एकटा ठिपका आठवला, जो मी माझा समजलो होतो. त्या दिवशीही माझ्या पाठीला वारा लागला नव्हता. पट्टी कोपऱ्याकडं होती.

"भाऊ, काय झालं?" कस्तुराबाईंनी माझं मनगट धरून विचारलं. "तुमचा हात किती गार लागायलाय."

"पाण्यातून काढलेत ना, म्हणून," मी म्हणालो.

म्हणजे हिशेब असा बसतो. दोन भाग कंपनीनं भरले. विहीणबाईंना नातू मिळाला, कस्तुराबाईंना लेक, मला दोन कोड. लाभ बन्सीधरांनी भरला, तो त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून भरला. दोन म्हणताना बोट कोणाकडं होतं, हे मी मागं वळून पाहिलं नव्हतं.

सर्व्हिसच्या फॉर्मातही तेच दोन रकाने असतात. सेलू स्टेशनवर, बाकड्यावर बसून भरले. आधी माणसांचा खरा आकडा लिहिला होता, चार. तो तसाच ठेवला असता तर फरक दाखवावा लागला असता, भाग सदोष ठरला असता आणि मला पुन्हा त्या खोलीत जावं लागलं असतं. म्हणून खोडला.

खोलीत माणसं : तीन. पॅनेलवर ठिपके : तीन. फरक : नाही.